गाण्याचं कव्हर जातं कुठे? डिजिटल संग्रहाला चित्रं लावण्याची सोपी गोष्ट

पेन ड्राइव्ह गाडीत लावला, गाणं सुरू झालं, आणि स्क्रीनवर कव्हरच्या जागी नुसता करडा चौकोन. पुढचं गाणं लावावं तर त्यावर भलत्याच चित्रपटाचं पोस्टर. त्यापुढच्या दहा गाण्यांवर, ती कधीकाळी ज्या संकेतस्थळावरून उतरवली होती त्याची ठळक जाहिरात. तोच पेन ड्राइव्ह घरी लॅपटॉपला लावला की यातली काही कव्हरं चक्क बरोबर दिसतात आणि मोबाइलवर तिसराच प्रकार.

गाणी तीच, फाइली त्याच, मग चित्रं का बदलतात? चित्र गाण्याच्या आत असतं की बाहेर? आणि नसेल तर लावायचं कसं? हे काम अवघड नाही. मात्र चित्र चिकटवण्याआधी चित्र राहतं कुठे हे समजून घ्यावं लागतं, नाहीतर तासन् तास खपून लावलेली कव्हरं फोन बदलला की गायब होतात.

चित्र राहतं तीन ठिकाणी

शाळेतलं एखादं मूल डोळ्यांसमोर आणा. त्याचं नाव तीन ठिकाणी सापडतं: त्याच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर, वर्गाच्या दारावर लावलेल्या यादीत आणि बाईंच्या हजेरीपटात. मूल दुसऱ्या शाळेत गेलं तर त्याच्यासोबत फक्त ओळखपत्र जातं. यादी दारावरच राहते आणि हजेरीपट बाईंच्या कपाटात.

गाण्याच्या कव्हरचंही तसंच आहे. चित्र गाण्याच्या फाइलमध्येच साठवलेलं असेल तर ते ओळखपत्र. गाण्यांच्या फोल्डरमध्ये इंग्रजीत 'कव्हर' किंवा 'फोल्डर' अशा नावाची वेगळी जेपीजी फाइल ठेवलेली असेल तर ती दारावरची यादी. आणि गाणी वाजवणाऱ्या ॲपने इंटरनेटवरून चित्र शोधून स्वतःच्या साठ्यात ठेवलं असेल तर तो हजेरीपट. लॅपटॉपवर कव्हर दिसतं आणि गाडीत दिसत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. लॅपटॉपवरचं ॲप हजेरीपट पाहत होतं आणि पेन ड्राइव्हबरोबर तो आलाच नाही. ॲपलच्या संगीत ॲपला कव्हर शोधायला सांगितलं की सापडलेलं चित्र अनेकदा ॲपच्या साठ्यातच राहतं. स्वतः निवडून लावलेलं चित्र मात्र फाइलमध्ये जातं.

म्हणून माझा आग्रह असा: चित्र फाइलच्या आत गेलंच पाहिजे. फोल्डरमध्ये वेगळी प्रत ठेवायची असेल तर जरूर ठेवा, घरच्या मीडिया सर्व्हरला, म्हणजे घरभरच्या उपकरणांना गाणी पुरवणाऱ्या संगणकाला, ती उपयोगी पडते, पण तिच्यावर विसंबून राहू नका.

फाइलच्या आत म्हणजे नेमकं कुठे?

एमपी३ फाइलमध्ये आवाजाशिवाय थोडी माहितीही असते: गाण्याचं नाव, गायक, अल्बम, वर्ष. या माहितीला टॅग म्हणतात. हा एकच तांत्रिक शब्द लक्षात ठेवला तरी पुढचं सगळं कळेल.

टॅगची पहिली पद्धत, आयडी३, १९९६ मध्ये आली. फाइलच्या अगदी शेवटी १२८ बाइटची जागा, त्यात गाण्याच्या नावाला ३०, कलाकाराला ३०, अल्बमला ३०, वर्षाला ४. एवढ्याशा जागेत चित्र मावणं शक्यच नव्हतं. १९९८ मध्ये दुसरी आवृत्ती आली. तिने टॅग फाइलच्या सुरुवातीला आणला, लांबीचं बंधन काढलं आणि चित्रासाठी खास रकाना दिला. आज आपण एमपी३ला कव्हर लावतो ते या रकान्यात.

मराठी ऐकणाऱ्यांना या इतिहासाचा रोज त्रास होतो. पहिल्या पद्धतीत देवनागरी लिहायची सोयच नव्हती. युनिकोड म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांसाठीची संगणकावरची समान पद्धत. तिच्या यूटीएफ-८ या प्रकारात देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे ३० बाइटमध्ये जेमतेम १० चिन्हं बसतील. काना, मात्रा, अनुस्वार ही सगळी वेगळी चिन्हं धरली जातात, तेव्हा 'नाट्यसंगीत' एवढ्या एका शब्दातच ही सगळी जागा संपते. काही जुनी उपकरणं आजही तोच शेवटचा टॅग वाचतात आणि गाण्याच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दाखवतात. दोष तुमच्या टायपिंगचा नसतो.

इतर फाइलींची सोय थोडक्यात सांगतो. फ्लॅक आणि एम४ए या दोन्ही प्रकारांत कव्हरसाठी व्यवस्थित जागा आहे. वेव्ह फाइलचं मात्र तसं नाही. तिच्यात टॅग घालता येतात, पण ते कोण वाचेल याची खात्री नसते. कॅसेटवरून संगणकावर घेतलेली गाणी बरेच जण वेव्हमध्येच ठेवून देतात. ती फ्लॅकमध्ये बदला. आवाजात तसूभरही फरक पडत नाही, जागा कमी लागते आणि टॅग शाबूत राहतात.

चित्राआधी नावं

कव्हरं चुकीची दिसण्याचं सर्वांत मोठं कारण चित्र नसतंच, नावं असतात. बहुतेक ॲप अल्बमच्या नावावरून गाणी एकत्र बांधतात आणि त्या गठ्ठ्याला एक चित्र देतात. आता आपल्याकडचे अल्बम पाहा. 'अभंग', 'भक्तिगीते', 'नाट्यगीते', 'भावगीते'. याच नावाचे किती अल्बम किती गायकांचे असतील! अल्बमच्या रकान्यात नुसतं 'भावगीते' लिहिलं तर चार गायकांची गाणी एका गठ्ठ्यात जातात आणि चौघांवर एकाचाच फोटो येतो. गायकाचं नाव, जमल्यास वर्षही, अल्बमच्या नावातच घाला. कागदावर ते जरा लांबलचक दिसतं, पण घोळ मिटतो.

याच्या उलटही होतं. गीतरामायण घ्या. ग. दि. माडगूळकरांची ५६ गीतं, सुधीर फडक्यांचं संगीत, १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रसारण. आकाशवाणीवर ही गीतं वेगवेगळ्या गायक-गायिकांनी गायली होती. पुढे फडक्यांनी ती सगळी स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केली. तुमच्याकडे आकाशवाणीची आवृत्ती असेल आणि प्रत्येक गीताच्या कलाकाराच्या रकान्यात त्या त्या गायकाचं नाव असेल, तर काही ॲप तिचे गायकागणिक तुकडे करतात. यावर इलाज म्हणजे 'अल्बम कलाकार' नावाचा वेगळा रकाना. गाण्याचा गायक कोणीही असो, हा रकाना सगळ्या गाण्यांत सारखा हवा. तिथे 'विविध कलाकार' लिहा, की सारी गीतं पुन्हा एकत्र येतात.

आणि एक कळकळीची विनंती. या दोन आवृत्त्या वेगळ्या आहेत, म्हणून त्यांची कव्हरंही वेगळी हवीत. फडक्यांच्या ध्वनिमुद्रिकेचं कव्हर आकाशवाणीच्या आवृत्तीवर डकवलं तर वीस वर्षांनी तो संग्रह उघडणाऱ्याला आवाज कोणाचा हे चित्रावरून चुकीचंच कळेल. योग्य चित्र नसेल तर रिकामी जागा परवडली.

आता प्रत्यक्ष

सगळ्यात आधी मूळ फाइलींची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा. टॅग बदलताना आवाजाला धक्का लागत नाही, पण ठेवलेली प्रत कधी वाया जात नाही.

विंडोज असेल तर एमपीथ्रीटॅग हा मोफत प्रोग्राम मला सर्वांत सोयीचा वाटतो. लिनक्स किंवा मॅक असेल तर किडथ्री घ्या. एमपीथ्रीटॅगमध्ये एका अल्बमचं फोल्डर उघडा आणि कंट्रोल-ए दाबून सगळी गाणी निवडा. डाव्या बाजूच्या पट्टीत नाव, कलाकार, अल्बम असे रकाने दिसतात आणि खाली कव्हरचा चौकोन. ज्या रकान्यात प्रत्येक गाण्याचा मजकूर वेगळा आहे तिथे कोनी कंसात 'कीप' असा इंग्रजी शब्द येतो. त्याचा अर्थ, जे आहे ते तसंच ठेवा. इथे हात सांभाळा. गाण्याच्या नावाच्या रकान्यातला 'कीप' पुसून तिथे काही टाइप केलं आणि सेव्ह केलं, तर निवडलेल्या साऱ्या गाण्यांना तेच एक नाव लागतं. बारा गाणी, बाराही 'सुखकर्ता दुःखहर्ता'.

अल्बम आणि अल्बम कलाकार हे रकाने मात्र मुद्दाम सारखे भरा. मग कव्हरच्या चौकोनावर राइट-क्लिक करून आधीचं चित्र काढून टाका. जाहिरातीची चित्रं जातात ती इथे. नवं चित्र त्या चौकोनात ओढून सोडा आणि कंट्रोल-एस दाबा. झालं. जाहिरातवाल्या फाइलींमध्ये टिप्पणीच्या रकान्यातही संकेतस्थळाचं नाव घुसवलेलं असतं, कधी तर गाण्याच्या नावालाच शेपूट जोडलेलं असतं. हात लागलाच आहे तर तेही साफ करा.

हे सगळं आपोआप होत नाही का?

होतं, पण अर्धवट. पिकार्ड नावाचा मोफत प्रोग्राम गाण्याच्या आवाजाचा ठसा काढतो, तो म्युझिकब्रेन्झ या खुल्या माहितीकोशाशी ताडतो आणि गाणं ओळखून टॅग भरतो. कव्हर तो कव्हर आर्ट अर्काइव्हमधून आणतो. हे भांडार म्युझिकब्रेन्झ आणि इंटरनेट अर्काइव्ह यांनी मिळून २०१२ मध्ये सुरू केलं. इंग्रजी पॉप किंवा पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या संग्रहाला हा प्रोग्राम लावला तर शेकडो अल्बम एका बैठकीत नीट होतात.

मराठी संग्रहावर लावला की अडचण येते. या भांडारांत माहिती भरतात ती तुमच्या-माझ्यासारखी माणसं, स्वखुशीने. कोणी भरली नसेल तर ती नसते. ऐंशीच्या दशकात निघालेली एखाद्या कीर्तनकाराची कॅसेट, जिल्ह्याच्या गावी ध्वनिमुद्रित झालेला पोवाडा, कोकणातल्या दशावताराचं मुद्रण: ही कुठल्या माहितीकोशात सापडतील अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. सापडलं तरी ते अनेकदा नंतरच्या संकलन सीडीचं चित्र असतं, मूळ कॅसेटचं नव्हे. आपोआप सापडलेलं प्रत्येक कव्हर म्हणूनच एकदा डोळ्यांखालून घाला.

खरं कव्हर घरातच आहे

माळ्यावरच्या खोक्यात कॅसेट असतील तर कव्हरसाठी इंटरनेट धुंडाळण्याची गरजच नाही. डबीतला तो घडीचा कागद, इनले कार्ड, हाच मूळ दस्तऐवज आहे. हळूच बाहेर काढा. घड्यांवर शाई उडून पांढऱ्या रेघा पडलेल्या असतात, कडेला गंज लागलेल्या टाचणीचा डाग असतो. समोरच्या बाजूला गायकाचा फोटो. कागद उलगडला की आत बारीक टाइपात बाजू १, बाजू २, प्रत्येक गाण्याचा गीतकार, संगीतकार आणि अगदी तळाशी साथसंगत: तबला कोणाचा, ऑर्गन कोणाचा, टाळ कोणी धरले.

या शेवटच्या ओळीसाठी मी हे काम इतक्या तळमळीने सांगतो आहे. मुख्य गायकाचं नाव कुठेही सापडेल. तबलजीचं नाव त्या कागदावर असतं आणि पुष्कळदा फक्त त्याच कागदावर असतं. स्ट्रीमिंगच्या ॲपवर ती गाणी चढवताना ही नावं गळून पडलेली असतात. कागद वाळवीने खाल्ला की त्या माणसाने ते गाणं वाजवलं होतं याचा छापील पुरावा संपला.

म्हणून समोरची बाजू तर स्कॅन कराच, आतली आणि मागचीही करा. टॅगच्या चित्र-रकान्यात त्याचीही सोय आहे. आयडी३च्या ठरलेल्या यादीत चित्रांचे २१ प्रकार आहेत: पुढचं कव्हर, मागचं कव्हर, आतल्या पुस्तिकेचं पान, तबकडीवरचं लेबल, इतकंच काय, संगीतकाराचं आणि गीतकाराचं चित्र यांनाही स्वतंत्र प्रकार आहेत. फ्लॅकनेही हीच यादी घेतली आहे. एमपीथ्रीटॅगमध्ये चित्रावर राइट-क्लिक केलं की प्रकार निवडता येतो. समोरच्या चित्राला 'पुढचं कव्हर' हाच प्रकार द्या आणि ते सर्वांत आधी लावा, कारण साधी उपकरणं पहिलं चित्र उचलतात. आतली पानं अल्बमच्या पहिल्या गाण्यात घातली तरी पुरे, प्रत्येक गाण्यात नकोत.

आता स्कॅनिंग. सीडीची पुस्तिका १२ सेंटीमीटर चौरस असते. ३०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने, ती साधारण १४०० पिक्सेल रुंद येते आणि तेवढं भरपूर आहे. कॅसेटचं पुढचं पान लहान, सुमारे साडेसहा बाय दहा सेंटीमीटर, म्हणून ते ६०० डीपीआयवर घ्या. छापील चित्र शाईच्या बारीक ठिपक्यांचं बनलेलं असल्याने स्कॅनमध्ये कधी जाळीदार नक्षी उमटते. जास्त डीपीआयवर घेऊन नंतर आकार निम्मा केला की ती बरीच विरते. एलपीचं कव्हर सुमारे ३१ सेंटीमीटर, घरच्या ए-फोर स्कॅनरवर मावणारच नाही. ते खिडकीजवळ, थेट ऊन पडणार नाही अशा जागी भिंतीला टेकवून ठेवा आणि मोबाइल त्याच्या बरोबर समोर धरून फोटो काढा. फ्लॅश बंद.

कॅसेटचं चित्र उभट असतं आणि ॲपला लागतो चौकोन. इथे बरेच जण चित्र कापतात आणि नेमकं वरचं गायकाचं नाव किंवा खालचं कंपनीचं चिन्ह छाटलं जातं. कापू नका. दोन्ही बाजूंना कव्हरच्याच रंगाच्या पट्ट्या जोडून चौकोन पूर्ण करा.

इतकी चित्रं घातली तर जागा किती खाणार?

शंका रास्त आहे, कारण एका अल्बमच्या दहा गाण्यांत तेच चित्र दहा वेळा साठवलं जातं. हिशेब करू. १००० बाय १००० पिक्सेलचं जेपीजी चित्र साधारण २०० केबीचं धरा. ५,००० गाण्यांना ते लावलं तर एकूण सुमारे १ जीबी. १२८ केबीपीएसचं (म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट जागा घेणारं) पाच मिनिटांचं गाणं जवळपास ५ एमबीचं असतं, म्हणजे चित्रामुळे त्यात चार टक्क्यांची भर. ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हवर हे कुणाला जाणवणारही नाही. मात्र स्कॅनरमधून आलेली १५-२० एमबीची फाइल तशीच आत कोंबली तर चित्र गाण्यापेक्षा जड होईल. मोठा स्कॅन वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवा, गाण्यात छोटी प्रत घाला.

सगळं केलं, तरी गाडीत दिसत नाही

गाडीचे स्टिरिओ जरा हट्टी असतात. काहींना १००० पिक्सेलही जड जातात, तिथे ५०० बाय ५०० करून पाहा. जेपीजीचा एक उपप्रकार असतो, प्रोग्रेसिव्ह नावाचा. तो आधी पुसट दिसतो आणि हळूहळू स्पष्ट होत जातो. अनेक जुन्या उपकरणांना तो उघडताच येत नाही. चित्र साध्या, म्हणजे बेसलाइन, जेपीजीमध्ये पुन्हा सेव्ह केलं की प्रश्न सुटतो. तिसरं कारण टॅगची आवृत्ती. आयडी३ची २.४ ही आवृत्ती नवी असली तरी जुनी यंत्रं २.३ जास्त भरवशाने वाचतात. देवनागरी दोन्हींत चालते, म्हणून गाडीसाठी २.३ ठेवा.

मोबाइलवर जुनंच चित्र दिसत राहिलं तर घाबरू नका. फोन एकदा पाहिलेली चित्रं आपल्या साठ्यात ठेवतो. ॲपची कॅशे, म्हणजे हा साठा, पुसा, संग्रह पुन्हा स्कॅन करायला लावा, फोन बंद करून चालू करा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

स्ट्रीमिंग असताना हा खटाटोप कशाला?

नवी हिंदी गाणी ऐकण्यापुरतं संगीत हवं असेल तर खरंच गरज नाही. पण स्ट्रीमिंगवरचं गाणं आपलं नसतं. कंपन्यांमधला करार संपला की ते यादीतून जातं. आणि ज्यांचा कधी करारच झाला नाही, ती गाणी तिथे आलीच नाहीत. गावातल्या भजनी मंडळाची काकडआरती, आकाशवाणीवरून घरच्या टेपरेकॉर्डरवर उतरवलेली मैफल, नाटकाच्या प्रयोगाचं मुद्रण. यांचा संग्रह घरातच होणार आणि नीट लावायचा तर तो घरच्यांनीच लावायचा.

आणि हे कायद्यात बसतं का?

विकत घेतलेल्या कॅसेटचं कव्हर स्कॅन करून स्वतःच्या संग्रहातल्या गाण्याला लावणं हा खाजगी वापर झाला आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ खाजगी वापराला मुभा देतं. तीच गाणी आणि चित्रं इंटरनेटवर सर्वांसाठी चढवणं ही वेगळी गोष्ट. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो, कव्हरवरच्या चित्राचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. त्यामुळे जुनं ध्वनिमुद्रण मुक्त झालं तरी त्यावरचं चित्र मुक्त झालं असेलच असं नाही.

ज्याला कव्हर कधी नव्हतंच

घरगुती मुद्रणांना छापील कव्हर नसतं. तिथे कॅसेटवर चिकटवलेल्या, पेनाने लिहिलेल्या पट्टीचाच फोटो काढून लावा. कोणाचं तरी अक्षर, एखादी तारीख, 'बाजू २ रिकामी' अशी सूचना, हे सगळं त्या मुद्रणाचा भाग आहे. त्याच बैठकीला काढलेला फोटो अल्बममध्ये असेल तर तोही घाला, ध्वनिमुद्रण चालू असतानाच्या छायाचित्राला टॅगच्या त्या यादीत वेगळा प्रकार दिलेला आहे. पण पट्टीवर लिहिलेलं आणि इनले कार्डावर छापलेलं सगळं चित्रावर सोडू नका. वर्ष वर्षाच्या रकान्यात, गाव आणि प्रसंग टिप्पणीत, गीतकार-संगीतकार त्यांच्या रकान्यात आणि साथीदारांची नावंही टिप्पणीत, देवनागरीत टाइप करा. चित्रातलं नाव ॲपला शोधता येत नाही, टॅगमध्ये टाइप केलेलं येतं.